सुपर बोल जिंकला, ४६ पॉइंट्स झाले, पण वॉल्टर पेटनला शेवटचा एक यार्ड मिळालाच नाही

२६ जानेवारी १९८६. न्यू ऑर्लीन्सचं सुपरडोम स्टेडियम. अमेरिकन फुटबॉलमधली वर्षातली सगळ्यात मोठी मॅच, म्हणजे सुपर बोल सुरू होती. शिकागो बेअर्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रियट्स. तिसरा क्वार्टर संपत आला होता आणि खरं सांगायचं तर मॅचही संपल्यातच जमा होती. बेअर्स ३७, पेट्रियट्स ३.

चेंडू बेअर्सकडे होता आणि गोल लाइन उरली होती फक्त एक यार्ड लांब. म्हणजे तीन फूट.

त्या वेळी बेअर्सकडे वॉल्टर पेटन होता. चेंडू हातात घेऊन पळताना लीगच्या इतिहासात कुणीही कापलं नव्हतं एवढं अंतर त्याने कापलं होतं, १४ हजार यार्डांहून जास्त. अकरा सीझन तो याच टीमसाठी मार खात आला होता आणि त्यातली कित्येक वर्षं टीम हरत असताना. आता हा एक यार्ड त्याचाच, असं स्टेडियममधल्या आणि टीव्हीसमोरच्या बऱ्याच लोकांनी गृहीत धरलं होतं.

चेंडू दिला गेला विल्यम पेरीला. पेरी त्या वर्षीच टीममध्ये आलेला पोरगा. वजन १४० किलोच्या घरात, टोपणनाव 'रेफ्रिजरेटर'. आणि मुळात तो पळणारा खेळाडू नव्हताच, त्याचं काम होतं समोरच्याला अडवणं. तो घुसला, टचडाऊन झाला, स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं. मॅच ४६-१० अशी संपली. बेअर्स चॅम्पियन झाले.

टीम मैदानावर नाचत होती. आणि थोड्याच वेळात वॉल्टर पेटन स्टेडियमच्या आतल्या एका सामानाच्या खोलीत जाऊन बसला. जल्लोषात यायला तो तयार नव्हता. त्याच्या एजंटने समजूत काढली, तेव्हा कुठे तो बाहेर आला, असं सांगितलं जातं.

३६ पॉइंट्सच्या फरकाने वर्ल्ड चॅम्पियन झालेला माणूस एका यार्डासाठी एवढा का दुखावला? हे समजायला आधी थोडा खेळ समजून घ्यावा लागेल.

एक यार्ड, पण भाव वेगळा

इथे फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोचा नाही. हा अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. गेले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असं सरकत सरकत समोरच्याची गोल लाइन ओलांडली की टचडाऊन. त्याचे ६ पॉइंट्स.

क्वार्टरबॅक एकतर चेंडू फेकतो, नाहीतर मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या हातात देतो. रनिंग बॅकने मग समोरच्या गर्दीत फट शोधायची आणि घुसायचं. अशा प्रत्येक धावेला 'कॅरी' म्हणतात. बॅकफिल्डमध्ये बहुतेक वेळा दोघं असायचे. एक पळणारा हाफबॅक आणि दुसरा त्याच्यापुढे जाऊन वाट मोकळी करणारा फुलबॅक.

मैदानाच्या मध्यावर बचाव करणाऱ्यांना मागची मोकळी जागाही सांभाळावी लागते, त्यामुळे ते पांगलेले असतात. तिथे वेग, नजर, चकवा या सगळ्याला किंमत असते. पण गोल लाइन जवळ आली की मागे फक्त १० यार्डांचा एंड झोन उरतो. सांभाळायला जागाच नसते, म्हणून सगळेच्या सगळे पुढे येऊन भिंत करतात. मुंबई लोकलच्या दारात उभी असलेली गर्दी डोळ्यांसमोर आणा, अंदाज येईल.

मग कोचसमोर प्रश्न उभा राहतो की या गर्दीत घुसवायचं कुणाला? एक मत असं की जो सगळ्यात चांगला पळतो त्यालाच द्या, उगाच डोकं लावू नका. दुसरं मत म्हणतं, इथे चपळाई चालत नाही, वजन चालतं, तेव्हा धिप्पाड माणूस आणा. तिसरं, क्वार्टरबॅकनेच चेंडू पोटाशी धरून पुढच्या माणसाच्या पाठीमागून घुसावं, कारण हातातून हातात चेंडू देताना तो सुटायची भीती असते. शिवाय हुकमी खेळाडूला त्या रेटारेटीत पाठवलं आणि त्याचा गुडघा गेला तर सीझन गेला. आणि शेवटचं म्हणजे, चेंडू तुमच्या स्टारकडेच जाणार हे समोरच्यालाही ठाऊक असतं. सगळे त्याच्याच अंगावर धावतात. मग त्याला नुसता पळवायचा आणि चेंडू भलत्यालाच द्यायचा.

सगळी कारणं पटण्यासारखीच आहेत. अडचण एवढीच आहे की ७९ यार्ड पळालेल्या माणसाच्या नावापुढे त्या ड्राइव्हचे ७९ यार्ड लागतात आणि शेवटचा एक यार्ड पळालेल्याच्या नावापुढे टचडाऊन. स्वयंपाक एकाचा, पंगतीला दुसराच.

याचं टोकाचं उदाहरण पिट्सबर्ग स्टीलर्सच्या जेरोम बेटिसचं. २००४ च्या सीझनमधली पहिली मॅच. बेटिसने पाच वेळा चेंडू घेतला, पाचही वेळा मिळून पळाला एक यार्ड आणि टचडाऊन केले तीन. पेपरात नाव त्याचं. आज फँटसी फुटबॉल खेळणारे अशा खेळाडूला सरळ गिधाड म्हणतात. शिकार दुसऱ्याने करायची आणि हा वरून येणार.

पेटनची गोष्ट नेमकी याच जागेवर येऊन अडते.

ढोल वाजवणारा धाकटा भाऊ

वॉल्टर पेटन मिसिसिपी राज्यातल्या कोलंबिया या छोट्या गावचा. अधिकृत नोंदीनुसार जन्म २५ जुलै १९५४. घरात थोरला भाऊ एडी फुटबॉल खेळायचा. वॉल्टर शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. एडी शाळेत आहे तोवर त्याने फुटबॉलला हात लावला नाही, भाऊ शाळेतून बाहेर पडल्यावरच तो टीममध्ये उतरला. एकाच बॅकफिल्डमध्ये भावाशी वाटणी नको, असंच काहीसं असावं.

तो काळ मिसिसिपीत काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांचा होता. १९७० मध्ये वॉल्टरची काळ्या मुलांची जेफरसन हायस्कूल बंद होऊन गोऱ्यांच्या कोलंबिया हायस्कूलमध्ये विलीन झाली. गावात तणाव होता. पण शुक्रवारी संध्याकाळी वॉल्टर पळायला लागला की दोन्हीकडचे लोक एकाच स्टँडमध्ये उभे राहून ओरडायचे. एका पोराच्या पळण्याने वंशभेद संपला वगैरे म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण गावात आजही त्या सीझनची आठवण काढली जाते ती या कारणासाठी.

पुढे तो भावाच्या पाठोपाठ जॅक्सन स्टेटला गेला. हे काळ्या विद्यार्थ्यांचं ऐतिहासिक कॉलेज. तिथे कोच होते बॉब हिल. माणूस भयंकर कडक. मरायचंच असेल तर सहजासहजी मरायचं नाही, समोरच्याला त्याची किंमत मोजायला लावायची, ही शिकवण पेटनला त्यांच्याकडून मिळाली. त्यामुळेच पुढे आयुष्यभर त्याने एक सवय पाळली. समोरून कुणी अडवायला आला की बाकीचे खेळाडू मार चुकवायला मैदानाच्या रेषेबाहेर निघून जातात, हा मात्र वळून त्याच्याच अंगावर जायचा.

जॅक्सनच्या उन्हात तो पर्ल नदीकाठच्या वाळूत पळायचा. वाळूत पाय रुततो, तिथे दिशा बदलता आली की गवतावर कुठेही बदलता येते, असं साधं गणित. नंतर शिकागोजवळ अशीच एक उभी टेकडी त्याने शोधली. नव्या खेळाडूंना तो कौतुकाने तिथे घेऊन जायचा आणि काही फेऱ्यांत ते ओकायला लागायचे.

कॉलेजात तो पळायचा, पास झेलायचा आणि किकही मारायचा. तिथली कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर ४६४ पॉइंट्स होते, कॉलेज फुटबॉलमधला तेव्हाचा विक्रम. थोडक्यात, वाटणीचा प्रश्न तिथे नव्हताच. सगळं त्याचंच होतं.

आठ कॅरी, शून्य यार्ड

१९७५ च्या ड्राफ्टमध्ये शिकागो बेअर्सने त्याला चौथ्या क्रमांकावर उचललं. पहिली मॅच बाल्टिमोर कोल्ट्सशी. पेटनला आठ वेळा चेंडू मिळाला. एकूण यार्ड किती? शून्य.

त्याच सीझनमध्ये एका मॅचला त्याला बाहेर बसवलं गेलं. तेरा सीझनच्या कारकिर्दीत त्याने चुकवलेली ती एकमेव मॅच. रनिंग बॅक हा असा खेळाडू आहे की ज्याची कारकीर्द सरासरीने काही थोड्याच वर्षांत संपते, कारण प्रत्येक कॅरीनंतर कुणीतरी त्याला जमिनीवर आपटतंच. तिथे या माणसाने १९० मॅचेस खेळल्या आणि ३,८३८ वेळा चेंडू घेऊन त्या गर्दीत घुसला.

१९७७ हे त्याचं वर्ष. १,८५२ यार्ड, १४ टचडाऊन आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्या वर्षी २० नोव्हेंबरला मिनेसोटा व्हायकिंग्सविरुद्ध तो ताप अंगात घेऊन खेळला. ४० कॅरी, २७५ यार्ड. एका मॅचमधला हा विक्रम पुढे २३ वर्षं टिकला. बेअर्सने मॅच जिंकली १०-७ ने आणि त्यांचा एकमेव टचडाऊनही पेटनचाच होता. यावरून टीममध्ये बाकी काय होतं, याची कल्पना येते.

काहीच नव्हतं, असंही नाही. त्याच्यापुढे पळणारा फुलबॅक होता रोलंड हार्पर. पेटन ज्या ड्राफ्टमध्ये चौथा, त्याच ड्राफ्टमध्ये हार्पर सतराव्या फेरीत निवडला गेला होता. पेटनसाठी वाट मोकळी करणं हे त्याचं काम. १९७८ मध्ये पेटन १,३९५ यार्ड पळाला आणि हार्पर ९९२. आठ यार्ड अजून मिळाले असते तर एकाच टीमचे दोघं हजारी झाले असते, आणि ते तेव्हा फारच क्वचित घडायचं. हार्परचं नाव आज फक्त जुन्या बेअर्स चाहत्यांना आठवतं. आठ यार्ड. ही वाटणी सगळ्यांनाच कुठे ना कुठे चावते.

हार्परनंतर ती जागा मॅट सूहीने घेतली आणि तो पेटनचा जिवलग मित्र झाला. एक काळा मिसिसिपीचा, दुसरा गोरा पेनसिल्व्हेनियाचा. सूहीबद्दल पुढे पुन्हा बोलू.

पेटनची स्वतःची गोल लाइनवरची पद्धत बघण्यासारखी होती. उंची जेमतेम पाच फूट दहा इंच, वजन ९० किलोच्या आसपास. भिंत फोडता येत नसेल तर तो तिच्यावरून उडी मारायचा. दोन्ही बाजूंच्या माणसांचा ढीग झालेला असायचा आणि हा त्या ढिगावरून आडवा होऊन पलीकडे पडायचा. धाडस म्हणून ठीक, पण हवेत असताना कुणी खालून मारलं तर काय होईल हा विचार कोचच्या पोटात गोळा आणणाराच. तरीही निवृत्त होईपर्यंत पळून केलेले त्याचे टचडाऊन झाले ११०. आधीचा विक्रम जिम ब्राऊनचा होता, १०६. म्हणजे हा एक यार्डाच्या कामाला नालायक होता म्हणून बाजूला ठेवला, असं कुणालाच म्हणता येत नाही.

टोपणनाव होतं 'स्वीटनेस', म्हणजे गोडवा. मैदानावर पाडलेल्या माणसाला हात देऊन उठवायचा म्हणून हे नाव शोभलं. ड्रेसिंग रूममध्ये मात्र त्याच्या खोड्यांनी सगळे त्रस्त असायचे.

७ ऑक्टोबर १९८४ ला न्यू ऑर्लीन्स सेंट्सविरुद्ध त्याने जिम ब्राऊनचा १२,३१२ यार्डांचा विक्रम मोडला. सगळं मिळालं होतं. सुपर बोल तेवढा राहिला होता.

रेफ्रिजरेटर मैदानात कसा आला

१९८२ मध्ये बेअर्सचे कोच झाले माइक डिटका. १९६३ मध्ये बेअर्स चॅम्पियन झाले तेव्हा टीममध्ये ते खेळाडू होते. रागीट, हट्टी आणि हिशेब लक्षात ठेवणारे. पेटनबद्दल त्यांना अपार आदर होता, हे आधीच सांगून ठेवायला हवं.

१९८४ च्या सीझनमध्ये बेअर्स सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे पोचले आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडून २३-० ने हरले. त्या मॅचमध्ये फोर्टीनाइनर्सच्या कोचनी एक टोमणा मारला. शब्दांनी नाही, खेळाने. गाय मॅकिंटायर नावाच्या त्यांच्या एका जाडजूड लाइनमनला त्यांनी बॅकफिल्डमध्ये उभं केलं, पळणाऱ्याला वाट करून द्यायला. डिटकांना ते झोंबलं.

१९८५ मध्ये बेअर्सने ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत पेरीला घेतलं. बचावाचे कोच बडी रायन यांना तो अजिबात पसंत नव्हता आणि ते तसं उघडपणे दाखवायचे. त्यामुळे सुरुवातीला पेरी बराच वेळ बाकावरच. १३ ऑक्टोबरला पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोशी गाठ पडली. मॅच हातात आली तसं डिटकांनी पेरीला बॅकफिल्डमध्ये उभं केलं आणि दोनदा चेंडू दिला. चार यार्ड मिळाले. उसनं फेडून झालं होतं, गंमत तिथेच संपायला हरकत नव्हती.

पण आठच दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध सोमवारची रात्रीची मॅच. अख्खा देश टीव्हीवर बघतोय. गोल लाइनजवळ पेरी आला, समोरच्याला अक्षरशः उचलून बाजूला केलं आणि त्याच्या मागून पेटन चालत आत गेला. असं दोनदा झालं. आणि मधे एकदा पेरीला स्वतःला चेंडू मिळाला, एक यार्ड, टचडाऊन. एका रात्रीत अमेरिकेला नवा हिरो मिळाला. जाहिराती, टॉक शो, सगळीकडे पेरी.

डावपेच म्हणून ही कल्पना झकासच होती. पेरी पुढे आणि पेटन मागे असे उभे राहिले की बचाव करणाऱ्यांनी काय समजायचं? पेरी धडक देणार की चेंडू घेणार? पेटनला चेंडू मिळणार की तो नुसताच पळणार? तरी आकडे नीट बघितले तर एक गोष्ट दिसते. अख्ख्या नियमित सीझनमध्ये पेरीने पळून टचडाऊन केले फक्त दोन. पेटनने केले नऊ. म्हणजे वर्षभर हिशेब बराचसा सरळ होता. पेरी हा मसाला होता, जेवण पेटनच होता. त्या वर्षी तो १,५५१ यार्ड पळाला, सलग नऊ मॅचेसमध्ये त्याने शंभरी ओलांडली आणि बेअर्सने १६ पैकी १५ मॅचेस जिंकल्या.

त्या दिवशी नेमकं काय झालं

सुपर बोलच्या दुसऱ्याच खेळीत पेटनच्या हातून चेंडू सुटला. पेट्रियट्सने तो पकडला आणि त्यातून पहिले तीन पॉइंट्स मिळवले. नंतर क्वार्टरबॅक जिम मॅकमहनने ती चूक स्वतःवर घेतली, खेळी आपणच चुकीची सांगितली होती म्हणून. पण रेकॉर्डला नाव पेटनचंच लागलं.

पेट्रियट्सनी ठरवूनच आलं होतं की बाकी काहीही होवो, ३४ नंबरच्या जर्सीला पळू द्यायचं नाही. पेटनने २२ वेळा चेंडू घेतला आणि त्याला मिळाले ६१ यार्ड. गोल लाइनजवळ त्याला चेंडू मिळालाच नाही, असंही म्हणता येत नाही. मिळाला, पण ज्या ज्या वेळी मिळाला त्या त्या वेळी तीन-चार जण आधीच अंगावर होते. आणि सगळे पेटनवर धावले की बाकीच्यांना रान मोकळं होतं.

तसंच झालं. सूहीने ११ यार्ड पळून टचडाऊन केला. मॅकमहनने स्वतःच घुसून दोन केले. पहिल्या क्वार्टरमध्ये तर डिटकांनी पेरीला चक्क चेंडू फेकायला सांगितलं होतं. तो फेकायच्या आधीच पाडला गेला, ती गोष्ट वेगळी. आणि मग तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो एक यार्ड.

बेअर्सने पळून केलेले टचडाऊन चार. पेटनचे शून्य.

डिटकांच्या बाजूने बोलायचं तर पहिल्या तीन टचडाऊनबद्दल त्यांना दोष देता येत नाही. मॅच चालू होती, जिंकायची होती, आणि चेंडू जिकडे फट दिसेल तिकडे जाणार. फसवायला पेटनला वापरलं हीसुद्धा त्याच्या मोठेपणाचीच कबुली होती. पण चौथ्याचं काय? ३७-३ असताना कुणाला फसवायचं होतं? तिथे डावपेचाचा प्रश्नच उरला नव्हता, उरला होता फक्त मान. आपल्याकडे मुलतानमध्ये २००४ साली सचिन १९४ वर असताना डाव घोषित झाला, तेव्हा लोक आठवडाभर भांडले होते. तिथे निदान कसोटी जिंकायला वेळ हवा होता, हा युक्तिवाद तरी होता.

डिटकांनी नंतर वर्षानुवर्षं मुलाखतींमधून एकच सांगितलं. त्या धामधुमीत पेटनचा टचडाऊन झालेला नाही हे डोक्यातच आलं नाही, आणि आपल्या कोचिंगच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी खंत आहे. त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. पण कोचच्या लक्षात न येणं, हीच तर दुखणारी गोष्ट होती.

पेटनचं वागणं सगळ्यांनाच पटलं असं नाही. टीम जिंकलीय, विसाएक वर्षांनी शिकागोला विजेतेपद मिळालंय आणि हा रुसून बसलाय, अशी टीका झाली. तीही पूर्ण खोटी नाही. मात्र ११ वर्षं दर रविवारी स्वतःच्या शरीराने हिशेब चुकता केलेल्या माणसाने एक यार्ड मागितला तर तो हावरट ठरतो का, हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याला कदाचित माहीत होतं की ही संधी परत येणार नाही. आली नाहीच. पुढच्या दोन्ही सीझनमध्ये बेअर्स प्लेऑफमध्ये वॉशिंग्टनकडून हरले.

बाकावर एकटा

१९८६ मध्ये बेअर्सने पहिल्या फेरीत नील अँडरसन नावाचा तरुण रनिंग बॅक घेतला. पेटनचा वारस. १९८७ मध्ये पेटनच्या कॅरी निम्म्याहून कमी झाल्या, चेंडू अँडरसनकडे जायला लागला. याविरुद्ध पेटनने जाहीर तमाशा केला नाही. अँडरसन पळायचा तेव्हा हा त्याच्यापुढे राहून लोकांना अडवायचा. पेटन मुळात लीगमधल्या सर्वोत्तम ब्लॉक करणाऱ्या बॅक्सपैकी होता, ही गोष्ट हायलाइट्समध्ये कधी दिसत नाही.

१० जानेवारी १९८८. सोल्जर फील्डवर वॉशिंग्टनविरुद्ध २१-१७ असा पराभव. बेअर्सच्या शेवटच्या आशेची खेळी पेटनकडेच आली आणि तो हव्या त्या रेषेच्या जरासा अलीकडे मैदानाबाहेर ढकलला गेला. मॅच संपली, लोक निघून गेले. पेटन हेल्मेट न काढता, डोकं हातात धरून बाकावर कितीतरी वेळ बसून राहिला. ते दृश्य शिकागोच्या जुन्या लोकांच्या मनात सुपर बोलपेक्षाही जास्त रुतलेलं आहे.

एकूण १६,७२६ यार्ड. हा विक्रम २००२ पर्यंत टिकला.

निवृत्तीनंतरचं आयुष्य सोपं नव्हतं. स्वतःची टीम विकत घ्यायचं स्वप्न फसलं, गाड्यांच्या शर्यतींचा नाद लागला, त्यात अपघात झाला. २०११ मध्ये जेफ पर्लमन या लेखकाच्या चरित्रात वेदनाशामक गोळ्या, नैराश्य आणि विस्कटलेलं लग्न याबद्दल बरंच आलं आणि त्यावरून वादही झाला. १९९३ मध्ये मात्र हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं तेव्हा स्टेजवरून त्याची ओळख करून दिली त्याच्या १२ वर्षांच्या मुलाने, जॅरेटने. वडिलांची ओळख मुलाने करून देण्याची ती पहिली वेळ होती.

फेब्रुवारी १९९९ मध्ये पेटन पत्रकारांसमोर आला तेव्हा लोक हादरले. गाल बसलेले, कपडे अंगावर लोंबत होते. पित्तनलिकांचा दुर्मीळ आजार झाला होता, यकृत बदलल्याशिवाय इलाज नव्हता. बोलता बोलता तो मुलाला बिलगून रडला. नंतर पित्तनलिकेचा कॅन्सर निघाला आणि यकृत बदलण्याचा मार्गही बंद झाला. आपल्याला मिळणार नाही हे कळल्यानंतरही तो लोकांनी अवयवदान करावं म्हणून आवाहन करत राहिला. त्या काळात त्याला डॉक्टरांकडे नेण्या-आणण्यापासून सगळं बघणारा माणूस होता मॅट सूही. तोच, जो आयुष्यभर त्याच्यापुढे पळत वाट मोकळी करत होता आणि सुपर बोलमध्ये ज्याला टचडाऊन मिळाला होता.

१ नोव्हेंबर १९९९ ला पेटन गेला. वय ४५. समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूला लीग दरवर्षी जो 'मॅन ऑफ द इयर' पुरस्कार देते, त्याला पेटनचं नाव दिलं गेलं.

त्याच्यानंतरची बेअर्सची पहिली मॅच ७ नोव्हेंबरला होती, ग्रीन बेमध्ये, पॅकर्सशी. पॅकर्सकडून ते त्याआधी सलग दहा वेळा हरले होते. शेवटचे काही सेकंद उरले होते, बेअर्स एका पॉइंटने पुढे आणि पॅकर्सना फक्त जवळून एक किक मारायची होती. बेअर्सचा ब्रायन रॉबिन्सन उडाला आणि चेंडू त्याच्या हाताला लागून खाली पडला. एरवी आपण एवढी उंच उडी मारू शकत नाही, आज वॉल्टरने वर उचललं, असं त्याने नंतर सांगितलं. बेअर्स १४, पॅकर्स १३.